आवाज क्लियर नाही

आमच्या गल्लीत माझा धंदा बघता-बघता चार वेळा बदलला. आधी मी 'रेडिओत' होतो. मग 'यूट्यूबवाला' झालो. मधले काही दिवस 'मोजणीवाला' होतो, कारण कानाला हेडफोन लावून, हातात यंत्र धरून नालीच्या कडेला गप उभा राहणारा माणूस जुन्या जालन्यात अतिक्रमण मोजायलाच आलेला असतो. दोन घरांनी त्या आठवड्यात पायऱ्या आत घेतल्या. चौथा धंदा शेवटी कळेल.

कागदावरचं पद 'ऑडिओ पत्रकार' असं होतं. 2023 च्या गुढीपाडव्याला पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला. "आम्हाला जिल्ह्याजिल्ह्यातला आवाज हवाय. ऑथेंटिक. मातीतला." पुण्याच्या माणसानं 'मातीतला' म्हटलं की आपण ताबडतोब मानधन विचारावं. मी विचारलं नाही.

आठवड्याभरात कुरिअरनं सामान आलं. रेकॉर्डर, हेडफोन, वायरी, अन् माईकवर घालायचं एक राखाडी केसाळ टोपरं. वाऱ्याची फरफर अडवायला असतं ते. आईनं ते चिमट्यानं उचलून अंगणात ठेवलं. "पार्सलात मेलेलं काय तरी आलंय," म्हणाली. गल्लीतल्या पोरांनी त्याचं 'मांजर' असं बारसं केलं अन् पुढं वर्षभर मी कुठंही निघालो की विचारणा व्हायची, "भाऊ, मांजर घेतलं का?"

पहिली अडचण पत्रकार परिषदेत आली. आमच्याकडं पुढारी आधी टेबलावरचे बूम मोजतो अन् मग तोंड उघडतो. बूम म्हणजे वाहिनीचं नाव लिहिलेला तो चौकोनी ठोकळा. त्या ठोकळ्यांच्या रांगेत मी माझं मांजर ठेवलं. पुढाऱ्यानं खुर्ची मागं घेतली.

"हे कोणत्या चॅनलचं?"

"चॅनल नाही. ऑडिओ आहे."

"म्हंजे दिसणार कुठं?"

"दिसणार नाही. ऐकू येणार."

"म्हंजे रेडिओ."

"रेडिओ बी नाही."

"मग कामून बोलायचं?"

ह्या प्रश्नाला मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

रेडिओ का नाही, ह्याचं उत्तर मात्र आहे अन् ते दिल्लीत आहे. ह्या देशात खासगी एफएमला स्वतःची बातमी देता येत नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र हवं तर काना-मात्रा न बदलता पुन्हा वाजवा, बाकी गाणी लावा, जोक सांगा, बायकोला उल्लू बनवा. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली सांगितलं, त्याला तीन दशकं उलटली. टीव्हीवर बातमीच्या नावाखाली रात्रभर भांडण चालतं, वर्तमानपत्रं कितीही काढा, पण एफएमवर गावातल्या नालीची बातमी दिली तर देशाच्या सुरक्षेचा प्रश्न येतो. त्यामुळं जालन्याची बातमी कानानं ऐकायची तर सकाळी 7 वाजून 10 मिनिटांनी आकाशवाणी लावायची. दहा मिनिटांचं बातमीपत्र, त्यात देश, राज्य, हवामान अन् मराठवाड्याचे आठ जिल्हे. आमच्या वाट्याला येतात दोन ओळी. त्या दोन ओळींसाठी आकाशवाणीचा अंशकालीन वार्ताहर जिल्हाभर फिरतो. त्याच्याकडं बघून मला आधार वाटायचा. अंशकालीन का होईना, काल तरी आहे.

2023 च्याच जूनमध्ये एक नवल घडलं. आकाशवाणीचा पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ती बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरातून द्यायची, असा आदेश निघाला. पुण्याचं काही मराठवाड्याकडं येतंय, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. आजवर सगळं इकडून तिकडं जायचं, पोरं धरून. पुण्यात गहजब झाला, निवेदनं गेली, केंद्रानं निर्णय थांबवला. आम्ही म्हटलं, चला, निदान कानावर तरी आलं.

माझी पहिली बातमी मात्र त्याआधीची, पाण्याची. एप्रिल महिना, जालना, दुसरा विषय असतोच कुठं? जुन्या जालन्याला पाणी जायकवाडीचं. पैठणहून निघतं, अंबडवरून येतं, अन् एवढा प्रवास करून दमलेलं असल्यामुळं आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी पोचतं, तेही अपरात्री. नव्या जालन्याकडं निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आहे. आमच्याकडं नळ आहे.

रात्री अडीचला मी नळाच्या तोंडाशी माईक धरून बसलो. सकाळी धार बघणाऱ्याला हे कधीच ऐकू येत नाही, म्हणून सांगतो. नळाला पाण्याआधी हवा येते. आधी एक खाकरा, ओट्यावर बसलेला म्हातारा घसा साफ करतो तसा. मग शांतता. मग पाइपाच्या पोटातून लांबलचक सूंऽऽ, सुरुवातीला बारीक अन् उंच. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं की हा सूर खाली उतरायला लागतो, जसा कोणी तानपुरा ढिला करतोय. मग खरखर, मग दोन तांबड्या पिचकाऱ्या, अन् मग धार. ह्या सगळ्याला कधी दहा मिनिटं लागतात, कधी पाऊण तास. त्या पाऊण तासात अख्खी गल्ली जागी असते, अन् बोलत कोणीच नाही. हंड्याला हंडा लागला तर बाया एकमेकींना 'शूऽ' करतात. शेजारच्या खाला दारात तसबी ओढत उभ्या. वर गच्चीवर कोणाचं तरी लहान लेकरू विचारतं, "आलं?" अन् त्याची आई म्हणते, "हवा आली."

'हवा आली' हीच बातमी होती. असं मला वाटलं.

सकाळी फाइल पाठवली. दुपारी पुण्याहून आवाज आला, "छान आहे. सुरुवातीची खरखर काढलीय आम्ही. नॉईज रिडक्शन मारलं. आता एकदम क्लियर."

क्लियर म्हणजे चाळीस मिनिटांची हवा गेली, खाकरा गेला, 'शूऽ' गेलं, अन् फाइल थेट स्वच्छ धारेपासून सुरू. ऐकणाऱ्याला वाटावं, जालन्यात नळ फिरवला की पाणी येतं. पहिल्या भागाला 61 श्रोते मिळाले. त्यात नऊ वेळा मी.

29 जूनला आषाढी एकादशी होती अन् त्याच दिवशी बकरी ईद. राज्यात बऱ्याच गावांनी आपसात ठरवून कुर्बानी पुढं ढकलली होती, त्यामुळं वातावरणात एक सोयरिकीचा मोकळेपणा होता. जुन्या जालन्यात आषाढीला आनंदी स्वामींची पालखी निघते. बोळ एवढे अरुंद की पालखी आली की सायकल डोक्यावर घ्यावी. मी एका ओट्यावर चढून माईक मधोमध धरला. टाळ वाजतायत, मृदंग आहे, बाया ओवाळतायत, एक पोरगं चेंगरल्यामुळं रडतंय, अन् बरोबर त्याच वेळी मशिदीतून अजान सुरू झाली. टाळकऱ्यांनी आपसूक हात आवरता घेतला. कोणी सांगितलं नाही, कोणी कोणाकडं बघितलं नाही, नुसता टाळांचा आवाज अर्धा झाला अन् अजान संपली तसा पुन्हा भरला. हेडफोनमध्ये ते इतकं नीट ऐकू आलं की मला ओट्यावर उभ्या-उभ्या वर्षाचं मानधन मिळाल्यासारखं झालं.

पुण्याहून निरोप: "दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतायत. वेगवेगळे ट्रॅक पाठवता येतील का?"

मी कळवलं, "इथं वेगळे मिळत नाहीत."

"मग एकच ठेवू. कोणता ठेवू?"

हा प्रश्न पुढं निवडणुकीत बऱ्याच जणांनी विचारला, पण पहिला विचारण्याचा मान आमच्या संपादकाचा.

ऑगस्ट आला. संपादकाला 'पावसाळी विशेष' करायचा होता. "जालन्याचा पाऊस पाठवा. शेतातला. निदान दोन मिनिटं."

"पाऊस नाही."

"नाही म्हणजे? ऑगस्ट आहे."

त्यानं बहुतेक खिडकीबाहेर बघितलं असावं. पुण्यात झिमझिम होती. इकडं तो ऑगस्ट सबंध देशातला 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट निघाला, पण ते महिना संपता-संपता हवामान खात्यानं सांगितलं. आम्हाला पंधरा तारखेलाच माहीत होतं. मी बदनापूर तालुक्यात चुलतभावाच्या रानात गेलो. सोयाबीनची पानं मुडपलेली, वाऱ्यानं ती एकमेकांना घासली की कागदाची पिशवी चुरगाळल्यागत वाजायची. मोसंबीखाली फळं गळून पडलेली, त्यावर पाय पडला की पोकळ आवाज. अन् विहिरीवरची मोटार. तळ लागला की मोटार पाण्यासोबत हवा ओढायला लागते अन् तिचा सूर एकदम चढतो. तो सूर ऐकला की भाऊ जेवता-जेवता हात धुवायचा विसरून बटनाकडं पळतो, नाहीतर मोटार जळती. मी ते सगळं पकडलं. भाऊ पळाल्यावर चपलेचा जो आवाज आला, तो तर अप्रतिम.

भाग प्रसिद्ध झाला. त्यात पाऊस पडत होता. धो-धो. कंपनीच्या साठ्यातला तयार पाऊस, कुठल्या देशाचा कोण जाणे. त्याखाली बारीक अक्षरांत 'जालना जिल्ह्यातून' अन् माझं नाव.

भावानं बांधावर बसून मोबाइलवर ऐकला. "पत्र्यावर पडायलाय हा," म्हणाला. "आपला पहिला पाऊस फुफाट्यात पडतो. त्याला आवाज नसतो, वास असतो. कोणाचाय हा?"

पुढं ऑक्टोबर सरता-सरता सरकारनं राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. यादीत जालना आलं, बदनापूर आलं. आमच्या भागात मात्र अजून पाऊस सुरूच आहे.

त्याआधी अंतरवाली सराटी झालं. अंबड तालुक्यातलं गाव, आदल्या आठवड्यापर्यंत जिल्ह्याच्या कचेरीतही पत्ता विचारावा लागला असता. 29 ऑगस्टला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला अन् दुसऱ्या दिवशी ओबी व्हॅनची रांग गावाच्या लोकसंख्येला लाजवायला लागली. जनरेटर इतके की गावातली कुत्री भुंकायची थांबली. मांडवात सगळे कॅमेरे स्टेजकडं तोंड करून. मी कॅमेरा नसल्यामुळं कुठंही बसू शकत होतो, म्हणून मागं, बायकांच्या बाजूला जाऊन बसलो.

शेजारी एक म्हातारं माणूस पटक्याची गुंडाळी उशाला घेऊन पडलेलं. तेही अन्नपाणी सोडून बसलेलं, कितवा दिवस ते त्यालाच नीट सांगता येईना. कॅमेरा समोर धरला असता तर ते उठून बसलं असतं, पटका बांधला असता, घोषणा दिली असती. माझं मांजर त्यानं बोटानं चाचपून बघितलं अन् पडल्या-पडल्या बोलायला लागलं. नातवाच्या फीबद्दल. गहाण जमिनीबद्दल. हळू. शब्द छोटा अन् श्वास लांब. दोन शब्दांच्या मधली जी जागा होती ना, तिच्यात जीभ टाळूला चिकटून सुटल्याचा आवाज येत होता. पाणी न पिलेल्या माणसाच्या तोंडाचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

"आवाज क्लियर नाही," पुण्याहून कळवण्यात आलं. "पण काळजी नको, आता एआय आहे. साफ करून घेतो."

एआयनं साफ केलं. श्वास काढले, टाळू काढली, मधली जागा मिटवली, पोटात थोडा खर्ज भरला. तयार झालेला आवाज सत्यनारायणाचा प्रसाद खाऊन नुकत्याच उठलेल्या माणसाचा होता. ठणठणीत. खणखणीत. गहाण जमिनीबद्दल तो अशा थाटात सांगत होता, जशी त्यानंच कोणाची तरी गहाण घेतलीय. तेवढ्यात 14 सप्टेंबरला, सतराव्या दिवशी, मुख्यमंत्र्यांच्या हातून रस घेऊन जरांगेंचं ते उपोषण सुटलं अन् "टॉपिक गेला" म्हणून फाइल तशीच पडून राहिली. बरं झालं.

17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन. अमृत महोत्सवाची सांगता, आदल्या दिवशी संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक, घोषणांचा पाऊस. हाही पत्र्यावरचाच. मी जुन्या रेडिओची गोष्ट केली. 1948 साली ह्याच दिवशी निजामानं हैदराबादच्या रेडिओवरून लढाई थांबवल्याचं सांगितलं. पण जालन्यात दोन दिवस आधी, 15 तारखेलाच, गुरख्यांची तुकडी बसवून बाकीचं भारतीय सैन्य लातूरकडं निघून गेलं होतं. म्हणजे रेडिओला बातमी आमच्यानंतर कळली. ऑडिओ पत्रकारितेचा आमच्याकडचा हा पाया आहे.

दिवाळीनंतर औद्योगिक वसाहतीत गेलो. सळईचं गाव म्हणून जालन्याचं नाव आहे, भंगार आत जातं अन् सळई बाहेर येते. एका रोलिंग मिलमध्ये वीस वर्षं घालवलेल्या माणसाला विचारलं, "इथला आवाज कसा वाटतो?" तो म्हणाला, "दोन पोरं अन् एक पोरगी." ही मुलाखत मी न कापता पाठवली. रद्द झाली, कारण उत्तर प्रश्नाला धरून नव्हतं. कारखान्याचं सोडा, रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलच्या वर आवाज नको, असं 2000 सालचे नियम सांगतात. मी आमच्या गल्लीत विसर्जनाच्या दिवशी ते मोजायला गेलो होतो, तर डीजेवाल्यानं मांजराला गुलाल लावला. ते अजून गुलाबी आहे.

30 डिसेंबरला वंदे भारत सुरू झाली. जालना ते मुंबई, पंतप्रधानांनी अयोध्येतून हिरवा झेंडा दाखवला, इकडं स्टेशनावर पाय ठेवायला जागा नाही. आमचं स्टेशन जुन्या जालन्यात, त्यामुळं गाडी घरची. मी फलाटाच्या टोकाला माईक लावून तयार. गाडी सुटली अन् माझ्या यंत्रात काही आलंच नाही. विजेची गाडी, दारं लोण्यासारखी मिटतात, चाकं कुरकुरत नाहीत. नुसता बँड अन् त्यात एका म्हातारीचं "गेली का?" एवढंच. संपादकाला ही गाडी वाटेना. त्यानं तिला कोळशाच्या इंजिनाची शिट्टी दिली. सोबत भकभक. जगातली एकमेव वाफेवरची वंदे भारत आमच्या भागात धावली. 2025 च्या ऑगस्टमध्ये ती गाडी नांदेडपर्यंत नेली. 'जालन्याहून सुटणारी'ची 'जालन्याला थांबणारी' झाली. सुटणारी अन् थांबणारी ह्यांच्या घोषणेतला फरक कान असणाऱ्यालाच कळतो. आम्हाला कळला.

जानेवारीत कंपनीनं धोरण बदललं. "लोक आता पॉडकास्ट बघतात." बघतात! म्हणे दोन सोफे लागतील, मागं विटांची भिंत, एक कुंडी, निऑनची पाटी अन् समोर दोन जाडजूड माईक. ते माईक सुरू असायलाच पाहिजेत असं नाही, आवाज शर्टाला लावलेल्या बारक्या माईकमधून घेतात. मोठे दिसायला असतात. मला तो आमच्या पुढाऱ्याच्या टेबलावरचा बूमचा ठोकळा आठवला. शेवटी पुणं अन् जालना एकाच जागी येऊन भेटले. माझ्याकडं विटांची भिंत होती, पण ती खरीच असल्यामुळं तिला गिलावा बाकी होता अन् कॅमेऱ्यात ती 'गरीब' दिसते असं मत पडलं. मार्चमध्ये धुळवडीचा हत्ती रिसाला निघाला, शंभर वर्षांहून जुनी मिरवणूक, ढोल-ताशांनी छाती हलते. माझी शेवटची फाइल ती. तिच्यावर शेरा आला, "बॅकग्राउंडला खूप आवाज आहे." त्यानंतर फोन आलाच नाही. हिशोबातल्या तीन महिन्यांचे पैसेही आले नाहीत. त्यांचाही आवाज क्लियर नसावा.

सामान परत मागायचं मात्र ते विसरले.

परवा रात्री सव्वादोनला दार वाजलं. खाला. "बेटा, ज़रा लगा के देख ना. आरा क्या?" मागं सहा-सात बाया, कमरेवर हंडे. सकाळच्या बसनं जाणारी एक पोरगी परीक्षेची पिशवी घेऊन, तिला आंघोळ करून झोपायचं की न करताच, हे ठरवायचं होतं. मी हेडफोन चढवला, गुलाबी मांजर काढून ठेवलं, उघडा माईक नळाच्या तोंडात धरला. सगळ्या गप्प. वरचं ते लेकरू आता मोठं झालंय, तेही गप्प. खाकरा होऊन गेला होता. सूंऽऽ सुरू होतं, बारीक, पण उतरायला लागलेलं. पाणी पलीकडच्या चौकात पोचलं असणार.

"अठरा मिनिटं," मी म्हणालो.

खालांनी हंडा खाली ठेवला अन् ओट्यावर टेकल्या. पोरगी पिशवी घेऊन आत गेली, टॉवेल शोधायला.